मला गप्प बसता आले नाही

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि चार्जिंग दुपारपर्यंतही पुरत नाही. पण मी मान खाली घालून बोलतो आहे ते म्हातारपणामुळे नव्हे. मला लाज वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दुकानाच्या कपाटात मी चार दिवस मिरवलो, मग एका मुलीने मला आपल्या वडिलांसाठी घेतले. ते पुस्तकांची बांधणी करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाइंडरकाका म्हणायची. काकूंची नजर पार गेली होती. रोज संध्याकाळी दुकान बंद केले, की काका नखांतला डिंक घासून काढायचे आणि काकूंशेजारी बसून प्रार्थनेच्या पुस्तकातले एक पान वाचायचे. अक्षरे बारीक, त्यामुळे ते फार अडखळायचे. माझ्यात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे मुलीने दाखवले आणि पुस्तक फळीवर गेले.

यात दोन हजार प्रार्थना आहेत, असे काका येईल त्याला सांगायचे. मी फुगून जायचो.

एकदा वाचता वाचता माझ्यावर निरोप झळकला आणि काकांनी तोही त्याच सुरात वाचला, "आमच्या चुका पोटात घाल आणि उद्या चारपर्यंत पाणी येणार नाही." दोघे पोट धरून हसले. मलाही तेव्हा गंमत वाटली. पण पुढे निरोपांना सुमार राहिला नाही. मन शांत ठेवा असे सांगणारेच रोज चाळीस यायचे. काका ते वाचायचे, पुढे पाठवायचे, उत्तराची वाट बघायचे. काकू हात जोडून थांबायच्या. दोन हजारांतली एकही प्रार्थना मी पुरी होऊ दिली नाही.

एका संध्याकाळी दोनच ओळी झाल्या आणि मी थरथरलो. मन एकाग्र करण्याचे सात उपाय! काकांनी ते सातही पाहिले, मग आणखी काहीबाही पाहिले. भानावर आले तेव्हा काकूंचे हात मांडीवर होते.

"वाचतो हं," काका ओशाळून म्हणाले.

"राहू द्या. माझं म्हणून झालं."

"न वाचताच?"

"मला सगळं पाठ आहे, पहिल्यापासून. तुम्ही दिवसभर दुकानात. तेवढी पाच मिनिटं आपण दोघं देवापाशी बसायचो, म्हणून वाचून घेत होते. आता मी एकटीच बसते."

आणि मित्रांनो, नेमका तेव्हाच मी पुन्हा थरथरलो. कुणीतरी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले होते. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरे झाले असते.

आता संध्याकाळी काका मला बंद करून दुकानातच ठेवतात. घरी ते अडखळत वाचतात की दोघे मिळून म्हणतात, मला ठाऊक नाही. विचारायला मला तोंडही नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण शेजारी कुणी तुमच्यासाठी थांबले असेल, तर आधी मला बंद करा. मला स्वतःहून गप्प बसता येत नाही.