डोहावरचा पहारा

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आंधळगावच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा आमच्या बाजूला सूर नदीतही एकच डोह उरला होता. त्याच्या काठाला रेतीत झिरा उकरून आम्ही बाया पिण्याचं पाणी न्यायचो. माझी चंद्रकांता नुकती बसायला लागली होती. तिची पेज त्याच पाण्यात शिजायची.

माझे भासरे, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ भैय्याजी, यांनी मुलीची सोयरीक जमवली होती. व्याही जेवायला येणार, आणि व्याह्यांच्या ताटात मासा हवाच. पूर्वी डोहात गेळफळं कुटून टाकत. मासे गुंगून वर येत, लागतील तेवढे वेचले की बाकीचे पुन्हा पोहू लागत. आता गेळफळांसाठी जंगलात कोण जातो? धानावर फवारायच्या औषधाचा डबा घरातच होता. तोच सकाळी डोहात ओततो, असं भासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा मी चुलीपाशी लेकीला पाजत होते.

त्या औषधानं आमच्या धानाच्या बांधीतले बेडूक, खेकडे उताणे पडलेले मी पाहिले होते. डोहातल्या मासळ्यांच्या पोटात आता गाभोळी होती. त्या मेल्या तर पावसाळ्यात नदीत पोहणार कोण? आणि लेकीची पेज? पण भासऱ्यांसमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, आणि मालक कामावर साकोलीला.

मी शेजारच्या रुखमिणीबाईला सांगितलं. ती म्हणाली, बोलायला मनाई आहे, धुण्याला तर नाही. बाया धुण्याला बसल्या की पुरुष काठावर उतरत नाहीत.

रात्रीच तिनं बायांना निरोप दिला. उजाडताच आम्ही सगळ्या घरोघरच्या गोधड्या घेऊन डोहावर बसलो. पिण्याचं पाणी, म्हणून एक चिंधीही बुडवली नाही. दगडावर नुसतं आपटणं.

भासरे डबा घेऊन आले आणि दरडीवरच पाठ फिरवून थांबले.

"रुखमिणीबाई, कोरडंच आपटून राहिल्या का वं?"

"ओलं कराले डोह पाहिजे, भैय्याजी. तो तर तुम्ही मारून राहिले."

बाया हसल्या. थोडंसंच टाकतो, आमचे बाप नव्हते का टाकत, असं ते कुरकुरले. तेव्हा मी पदर ओढला आणि मांडीवरच्या लेकीला मोठ्यानं म्हणाले, "चंदे, मोठ्या बाबाले सांग, गेळफळानं मासा झोपते, या औषधानं मरते. अन् इथलंच पाणी तुह्या पेजेत जाते."

आपटणं थांबलं. पाठ तशीच ठेवून भासरेही लेकीशीच बोलले.

"चंदे, मायले विचार, मंग व्याह्यांले वाढू काय?"

"सांग, तुही माय पाटोडीचा रस्सा करते. मासा खायले दिवाळीत बोलवा म्हणा."

ते डबा घेऊन परत गेले. बाया उठू लागल्या, पण रुखमिणीबाईनं पुन्हा बसवलं. असे डबे गावात घरोघरी होते. पाऊस लागून नदी वाहती होईपर्यंत रोज कोणीतरी इथं बसायचं, हे तिथंच ठरलं. उद्याची पाळी मी मागून घेतली.