दहावं घर

पाहुणीने मेन कॉक बंद केला, नळात उरलेलं पाणी बादलीत सोडलं आणि न वळताच हात मागे केला. सुनेने त्यावर पाना ठेवला. तेवढंच करायची तिला परवानगी होती. हे तिचं सासर. इथली दुरुस्ती तिच्या फिटरच्या परीक्षेत धरली जात नव्हती आणि जोडीदारणीच्या, म्हणजे पाहुणीच्या, परीक्षेत तिने लुडबुड केलेली प्रशिक्षण केंद्राला चालत नव्हती.

"घरात फिटर आणि नळ गळका," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"आई, पंधरा दिवसांपूर्वीच मी त्यात नवा वायसर घातला होता," सून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"तेच तर म्हणतेय मी."

पाहुणीने मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. चारच्या आत दहा घरांच्या दहा सह्या केंद्रात पोचल्या तर तिला परवाना मिळणार होता. तिच्या पिशवीत नऊ होत्या.

केंद्र दूरच्या एका देशाच्या पैशावर चालायचं. त्या देशाने आधी शहरात टाक्या बांधल्या, पाइप घातले; मग त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या खटाटोपाने आणलेलं पाणी घराघरांतल्या नळांतून ठिबकून जातंय. पुरुष फिटर भर दुपारी आला, तर घरात एकटी असलेली बाई दार उघडत नाही. तेव्हा बायकांनाच फिटर करायचं ठरलं. निम्म्या शहरातल्या, निम्म्या सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्या वस्तीतल्या, आणि प्रत्येक जोडीत एक इकडची, एक तिकडची. पहिल्या दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, "निर्वासित हा शब्द इथे नको. त्या आपल्या पाहुण्या आहेत." बाकीच्यांची नावं पुढे रुळली. हिला मात्र पाहुणी हेच चिकटलं. तीन वर्षं पत्र्याच्या खोलीत काढलेली ही पाहुणी त्यावर सगळ्यांच्या आधी हसली होती.

सासूबाईंना मात्र हसू आलं नव्हतं. "पाहुणचार तीन दिवसांचा असतो, तीन वर्षांचा नाही," असं त्यांनी सुनेला ऐकवलं होतं. बाईमाणसाने पाना फिरवणं हेच त्यांना आधी पटत नव्हतं, त्यात ही जोडीदारीण. गेले चार महिने पाहुणी रोज सकाळी सुनेला घ्यायला यायची आणि फाटकाबाहेर उभी राहायची. आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. तिनेही कधी फाटकाला हात लावला नव्हता.

सुनेची दहा घरं केव्हाच झाली होती. तिला शहर ओळखत होतं. पाहुणीला नऊ घरं मिळवायला तीस दारं वाजवावी लागली. कुणाकडे हे घरी नाहीत, कुणाकडे आत्ता पाणी नाही, कुणाकडे "उद्या बघू." काल संध्याकाळी दोघी सात आळ्या फिरल्या आणि हात हलवत परत आल्या. परवाना नसेल तर शहरात काम करता येत नव्हतं. मग वस्तीत बसायचं आणि महिन्याच्या शिध्याची वाट बघायची. तिचे वडील पूर्वी तिकडे घड्याळं दुरुस्त करायचे. ते हल्ली दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत. तसं बसणं तिला नको होतं.

आणि आज सकाळी केंद्राचं दार उघडतं न उघडतं तोच सासूबाई तिथे हजर. नळ गळतोय, तक्रार लिहून घ्या. मास्तरांनी यादी बघितली आणि पाहुणीचं नाव पुढे केलं. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि "आलिया भोगासी" म्हणून तक्रारीवर सही केली.

पाहुणीने नटाला फडकं गुंडाळलं. पितळेवर पाना थेट लावला की ओरखडे येतात, म्हणून आधी फडकं, हा मास्तरांचा पहिला धडा. पण नट तिने जोर लावायच्या आधीच फिरला. कुणीतरी तो हलक्या हाताने बसवला होता. खाचेत एक पिवळा धागा अडकला होता. तो तिने बोटाने काढला, मग आतली दांडी उपसून वायसर तळहातावर घेतला.

वायसर लाल होता. बाजारात मिळतात ते काळे. लाल रबर फक्त केंद्रात होतं, त्या देशातून आलेलं, आणि सुनेने पंधरा दिवसांपूर्वी बसवलेला वायसर तो हाच. तो झिजला नव्हता की फाटला नव्हता. मध्यापर्यंत सरळ, स्वच्छ कापलेला होता. असं फक्त कात्रीने होतं.

पाहुणीने सुनेकडे बघितलं. माझ्यासाठी हिने हे केलं असेल तर दोघींचे परवाने जातील.

सून वायसरकडे बघतही नव्हती. "माझाच हात कच्चा," ती पुटपुटली. डोळ्यांत पाणी होतं. हे नाटक असणं शक्य नव्हतं. या बाईला साधी थाप मारतानाही उचकी लागायची.

मग पाहुणीची नजर खिडकीकडे गेली. तिथे मेथीच्या डब्याशेजारी कात्री होती. तिथून ती दाराकडे वळली. सासूबाईंच्या खांद्यावर स्वयंपाकघरातलं फडकं होतं. पिवळं.

चार महिने सून रोज संध्याकाळी याच नळावर हात बसवत असे. सासूबाई तेव्हा पाठ करून भाजी निवडत बसायच्या, असं तीच हसत सांगायची. पाहुणीने पुन्हा एकदा नट उजेडात धरला. पितळेवर एकही ओरखडा नव्हता. पाठ करून बसलेल्या बाईने मेन कॉक, फडकं, पाना, सगळं नीट पाठ केलं होतं.

पाहुणीला एकदम इतकं बरं वाटलं, की क्षणभर तिला पुढचं काम आठवेना. तिने तोंड नळाकडे वळवलं, नवा वायसर बसवला, नट आवळला, कॉक उघडला. नळ खोकला, मग पाण्याची धार आली. बंद केला. तिघी थेंबाची वाट बघत राहिल्या. थेंब पडला नाही.

"आता कागद," सासूबाई म्हणाल्या.

कागदावर एक रकाना होता, बिघाडाचं कारण. काढलेला भाग पुडीत घालून सोबत जोडायचा होता. केंद्रातल्या परदेशी उंच बाई प्रत्येक पुडी उघडून बघायच्या. झिजला लिहावं तर खोटं, शिवाय दोष सुनेच्या हाताला. पाहुणीने पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. मग लिहिलं, "वायसर कापला गेला होता. नवीन बसवला. जुना सोबत जोडला आहे." आणि कागद पुढे केला.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि ओळ न् ओळ वाचली. सुनेने खांद्यावरून डोकावून वाचलं. तिने पुडीतला वायसर काढून बघितला आणि तिचं तोंड उघडं राहिलं.

"कशाने कापला, ते लिहायला रकाना आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी."

"मग झालं तर."

त्यांनी मोठ्या, गोल अक्षरात सही केली. काम कसं झालं, या रकान्यात लिहिलं, "चोख." मग जरा विचार करून त्याखाली रेघ ओढली.

"आई, तुम्ही?" सुनेला आत्ता कुठे शब्द फुटला. "मला सांगायचंत तरी!"

"तुला सांगून काय, तुला उचकी लागली असती. काल रात्री जेवताना रडत होतीस. एवढं शहर पालथं घातलंत आणि या घराचं नाव तुमच्यातल्या एकीनेही काढलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग त्या पाहुणीकडे वळल्या. आवाज खाली आला. "तू चार महिने फाटकापाशी उभी राहायचीस. मी खिडकीतून बघत असे. बरं नाही केलं मी ते."

पाहुणीने सांडलेलं पाणी पुसून काढलं, ते आधीच पुसलेलं होतं तरी.

"उद्यापासून आत येऊन चहा घेत जा," सासूबाई म्हणाल्या. "आणि काय गं, वस्तीतल्या आणखी कुणाची घरं अडलीत का?"

"पुढच्या तुकडीत दोघी आहेत. महिनाअखेरची मुदत आहे त्यांची."

"एकीला उद्या माझ्या धाकट्या बहिणीकडे पाठव. तिचा नळ गळतोय."

"मावशींचा?" सून म्हणाली. "परवा मी तिथेच होते. चांगला बंद होत होता."

"उद्या गळेल. आणि परवा तिच्या विहीणबाईंचा."

पाहुणीला हसू आवरेना. सुनेला उचकी लागली. घड्याळात तीन वाजायला आले होते. केंद्रापर्यंत पंधरा मिनिटांची वाट. पाहुणीने कागद पिशवीत नीट ठेवला, अवजारं गोळा केली आणि दोघी दाराकडे निघाल्या. मागे सासूबाईंनी कात्री पिवळ्या फडक्यात गुंडाळली आणि पायात चपला सरकवल्या.

"अगं पाहुणे," त्यांनी हाक मारली, "तो पाना तेवढा ठेवून जा."