करंजखेडचा पूल

शालूबाई गुल्हाने गेली ती त्र्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आठवड्यात, भर दुपारी. किराणा दुकानामागच्या कोठीत सरकीच्या पोत्यामागे तिनं हात घातला आणि नाग चावला. तिच्या नवऱ्यानं, भैय्याजींनी, शेजारच्या तानबाची जीप बोलावली. सहा वर्षांच्या मयुरीला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून तिलाही आईजवळ बसवलं आणि सावंगीच्या दवाखान्याकडे निघाले.

करंजखेड रुळांच्या अलीकडे, वर्ध्याची सडक पलीकडे. मध्ये फाटक. फाटक बंद होतं आणि मालगाडी फाटकातच उभी होती. पुढचा सिग्नल नव्हता. भैय्याजी उतरून गेटमनकडे धावले. नत्थू केबिनच्या पायरीवर उभा होता.

"भैय्याजी, माह्या हातात काय हाय?" तो म्हणाला. "गाडीच उभी हाय, तं फाटक उघडून काय करू?"

त्याचं बरोबरच होतं. गाडी हलली तोवर शालूबाईच्या पापण्या मिटत आल्या होत्या. दवाखान्याच्या दारात तिला उतरवलं तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

तेरवीचं जेवण आटोपल्यावर महादेवराव आले. बाजारात त्यांचं खताचं दुकान, आणि गावात कोणतीही मागणी निघाली की पुढे तेच. भैय्याजींच्या शेजारी सतरंजीवर ते बसले. मग म्हणाले, "फाटकावर पूल पाह्यजे, भैय्याजी. वहिनी गेली ते गेली, पण उद्या आणखीन कोणाची जाईन. तुमी संग चला. तुमचं कोणी नाई म्हणू शकत नाई."

भैय्याजी गेले. दुकानात बसवत नव्हतं आणि घरात तर अजिबात नाही. पहिल्या वेळी रेल्वेच्या साहेबासमोर त्यांना धड बोलताही आलं नाही. हुंदकाच आला. साहेब खुर्चीतून उठला आणि स्वतःच्या हातानं त्यांना पाणी दिलं. म्हणाला, प्रस्ताव पाठवतो, पुढच्या बजेटमध्ये बघू.

तेव्हापासून फेब्रुवारी महिन्याला एक वेगळाच अर्थ आला. रेल्वे बजेटच्या दिवशी महादेवरावांच्या दुकानात टीव्ही लागायचा. युरियाच्या पोत्यांवर माणसं बसायची. मंत्री बोलत राहायचे. नव्या गाड्या, नवे मार्ग, कुठं दुसरी लाईन, कुठं विजेच्या तारा. करंजखेडचं नाव भाषणात येणार नव्हतंच. ते आलं तर कामांच्या जाडजूड पुस्तकात येणार, आणि ते पुस्तक खासदारांच्या माणसाकडून कळायला आणखी आठवडा लागायचा. एका वर्षी कळलं, सर्वेक्षणाला मंजुरी. दोन माणसं दुर्बीण घेऊन आली, खांबांवर लाल खुणा करून गेली. त्यानंतरच्या वर्षी कळलं की पुलाचा अर्धा खर्च राज्यानं करायचा आहे. राज्याचं म्हणणं होतं, आधी रेल्वेनं तरतूद करावी. रेल्वेचं म्हणणं होतं, आधी राज्यानं हमी द्यावी. दोन फेब्रुवाऱ्या त्यात गेल्या.

साहेब बदलायचे. नव्या साहेबाला पुन्हा सांगावं लागायचं. मराठी साहेब क्वचितच यायचा, म्हणून भैय्याजी हिंदीत सांगायचे. "साहब, फाटक पे मालगाडी खडी थी. मेरी घरवाली जीप में पडी थी. छोटी बच्ची बाजू में." कुठं थांबायचं ते त्यांना कळायला लागलं. कोणत्या वाक्याला समोरचा पेन खाली ठेवतो, हेही कळलं. रडू येईनासं झालं तेव्हा त्यांना हलकं वाटलं. मग हलकंही वाटेनासं झालं.

एका साहेबानं विचारलं होतं, "कुछ बोली थी क्या आखिर में?"

भैय्याजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बच्ची का नाम लिया, साहब. मयुरी, मयुरी करते गई."

साहेबानं चष्मा काढला. बाहेर आल्यावर महादेवराव म्हणाले, "हे तुमी आधी काऊन नाई सांगतलं? हे दरवेळी सांगत जा." तेव्हापासून ते दरवेळी सांगितलं जाऊ लागलं. हळूहळू ते खरंच झालं. भैय्याजींनाही तसंच आठवायला लागलं. फक्त त्या आठवणीत शालूबाई हिंदी बोलायची.

मयुरी मोठी झाली. सावंगीलाच नर्सिंग शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. सकाळी ऑटोनं फाटक ओलांडून जायची, संध्याकाळी यायची. फाटक बंद असलं की ऑटोतल्या बाया चरफडायच्या. ती रुळांकडे पाहत बसायची. घरी बापलेक एकमेकांशी भाजी, गॅस, औषधं एवढंच बोलत. दोघांचं भांडण नव्हतं.

शेवटी एका फेब्रुवारीत पुस्तकात नाव आलं. नुसतं नाव नाही, काम सुरू होईल इतकी रक्कम. महादेवराव पेढे घेऊन दुकानात आले, भैय्याजींना मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भैय्याजींनी पेढा खाल्ला. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला कपड्याचा साबण दिला. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ते संध्याकाळपर्यंत वाट पाहत राहिले. मग शटर ओढून घरी गेले.

पूल व्हायला तीन पावसाळे लागले. मध्ये पैसे थांबले, मग ठेकेदार थांबला, मग पुन्हा सुरू झालं. सन दोन हजार बाराच्या हिवाळ्यात उद्‌घाटन ठरलं. महादेवराव आदल्या दिवशी घरी आले. ते आता थकले होते, काठी घेऊन चालायचे.

"उद्या मंचावर तुमाले बोलायचं हाय," ते म्हणाले. "पूर्ण सांगा. वहिनीचं शेवटचं नक्की सांगा. मराठीत सांगा, उद्या आपलेच लोक राहतीन."

ते गेल्यावर भैय्याजी ओट्यावर बसून पुटपुटत होते. हिंदीतलं मराठीत आणताना अडखळत होतं. मयुरी आत पोळ्या लाटत होती.

"गाडी हालत नव्हती," ते म्हणत होते. "माही शालू पोरीचं नाव घेत होती. मयुरी, मयुरी..."

लाटण्याचा आवाज थांबला. मयुरी दारात आली. हाताला पीठ होतं.

"बाबा, आई माझं नाव नव्हती घेत."

भैय्याजींनी वर पाहिलं.

"तुमी गाडीत नव्हते तवा," ती म्हणाली. "नत्थूभाऊसोबत बोलायले उतरलते. मी होती."

"मंग काय म्हणे ती?"

"हासत होती." मयुरी उंबऱ्यावर बसली. "तुमी घाईत सदरा उलटा घालून निंगालते. शिवण वर, खिसा आतमंदी. तुमी फाटकाकडे धावत होते, अन् आई मले म्हणे, पाह्य तुया बाबाले, अशानं नत्थू त्यायचं आयकन का? अन् हासली. मंग म्हणे, जीभ जड होऊन राह्यली. मंग काईच नाई बोलली."

 उलटा सदरा भैय्याजींना आठवत नव्हता. त्या रात्री कधीतरी कोणीतरी तो अंगावरून काढला असणार, धुतला असणार. त्यांनी आठवून पाहिलं. हिंदीतली वाक्यंच पुढे येत होती, एकामागून एक, न अडखळता.

"तू आतावरी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सबन जागी ते सांगत होते. साहेबलोक आयकत होते. पूल व्हायचा होता," मयुरी म्हणाली. "मले वाटलं, तसंच राहू द्यावं."

तव्यावरची पोळी करपायला लागली, तशी ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मंडप होता, हार होते, बँड होता. भाषणांत बजेट, पाठपुरावा, विकास सगळं झालं. मग महादेवरावांनी भैय्याजींचं नाव पुकारलं. ते माईकसमोर उभे राहिले. समोर गाव बसलं होतं. पुढच्या बायकांनी ऐकायच्या आधीच पदर डोळ्यांना लावला होता.

"पूल झाला," भैय्याजी म्हणाले. "चांगलं झालं."

ते थांबले. लोक वाट पाहत होते. महादेवरावांनी मागून हळूच त्यांच्या कोपराला स्पर्श केला.

"सगळ्यायनं मदत केली," ते म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. टाळ्या उशिरा आणि थोड्याच वाजल्या. महादेवराव त्यांच्याकडे पाहत राहिले.

त्यानंतरही दिवस तसेच गेले. दुकान, जेवण, झोप. पुढच्या बजेटच्या दिवशी कोणीतरी विचारलं, "भैय्याजी, यंदा रेल्वेचं काय?" ते म्हणाले, "मले नाई मालूम," आणि गूळ तोलत राहिले.

एका रविवारी मयुरी घरी होती. भैय्याजी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसले.

"तुले तिचं आणखीन काई याद हाय का?"

"काय पाह्यजे?"

"काईही. मले कोणाले सांगायचं नाई."

मयुरीनं विचार केला. मग सांगू लागली की आई शाळेत सोडायला यायची तेव्हा रस्त्यात शेजारणीशी भांडण उकरून काढायची, कोंबड्यांवरून, आणि शाळा सुटल्यावर परत येताना तिच्याच घरी बसून चिवडा खायची. भैय्याजी ऐकत होते. ती शेजारीण कोण, त्यांनी विचारलं. मयुरीनं नाव सांगितलं. त्यांना ती बाई आठवली, कोंबड्याही आठवल्या. भांडण मात्र आठवेना.

"हो का," ते म्हणाले. "आणखीन?"