गुणिले दोन

ओळखलंत का मला, मित्रांनो? संगमनेरजवळच्या एका दूध डेअरीत पगाराच्या टेबलावर दिसणारा जुना कॅल्क्युलेटर, तो मीच. माझ्या कपाळावर काळसर काचेची पट्टी आहे. तिच्यावर उजेड पडला की मी जागा होतो, अंधारात झोपी जातो. भागवतकाकांनी मला बाजारपेठेतल्या दुकानातून आणलं. डेअरीचा पगार तेच काढायचे.

आकडेमोड मला जन्मतःच येत होती, पण एक कोडं सुटत नव्हतं. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट असे दिवस आले की काका त्या दिवसाच्या मजुरीला दोनने गुणायचे. मला नवल वाटायचं. क्रेट तेच, पिशव्या त्याच, हातही तेच. मग मजुरी दुप्पट का?

एकदा पॅकिंगमधल्या रंगुबाईंनी हेच विचारलं. काका हसून म्हणाले, "अहो, तो दिवस तुमचा होता. गाय काही सुट्टी घेत नाही, म्हणून आम्ही तो तुमच्याकडून मागून घेतला. त्याचं मोल नको द्यायला?" मग म्हणाले, "आणि पैसे नको असतील, तर साधी मजुरी घ्या आणि नंतर बदली सुट्टी घ्या. आपल्या डेअरीचा तसाही नियम आहे."

बदली सुट्टी मात्र कुणी मागितली नाही. ज्याला त्याला पैशांचीच नड असायची. मीही समजून चुकलो, की दिवसाचं मोल म्हणजे गुणिले दोन.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी राजेश्वरी मॅडम आल्या आणि त्यांच्यामागोमाग संगणक. हजेरी त्यात गेली की पगार आपोआप बाहेर यायचा. माझी रवानगी खणात झाली. तिथे अंधार. मी किती काळ झोपलो, कुणास ठाऊक.

एके दिवशी खण उघडला. मी डोळे उघडले तर समोर चांगुणाबाई उभ्या. पॅकिंगच्या मशिनवर वर्षानुवर्षं काम करणारी बाई. एप्रिल संपत आला होता आणि पगाराची तयारी चालली होती.

"मॅडम, चौदा एप्रिलला मी कामावर हुते. त्याचं दुप्पट नका धरू," त्या म्हणाल्या.

मी चकित झालो. आकडा वाढवा म्हणणारे मी खूप पाहिले होते. कमी करा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो!

राजेश्वरी मॅडमही गोंधळल्या. "चांगुणाबाई, भीमजयंतीला तुम्ही कधीच कामावर नसता. या वर्षीच कशा आलात?"

"लेकीसाठी, माझ्या आरतीसाठी आले. नगरला नर्सिंगला हाय ना ती. बारा मेला सावेडीत त्यांचा नर्सच्या शपथेचा कार्यक्रम हाय. आमच्या मालकांचा पाय मोडला तवा माझ्या सगळ्या रजा सरल्या. भागवतकाका बदली सुट्टीचं सांगायचे, ते ध्यानात हुतं. म्हटलं, जयंतीचा दिवस द्यायचा आन लेकीचा दिवस घ्यायचा. बाबासाहेब काय रागावनार न्हाईत. शिकलीच हाय की पोर."

मॅडमनी संगणकावर खटाटोप केला. त्यात दुप्पट लिहिलेलं होतं, बदली सुट्टीला जागाच नव्हती. तेवढ्यात हे बोलणं ऐकत व्यवस्थापक राधाकृष्ण साहेब आत आले.

"बाई, मे महिन्यात ताकाची मागणी बघताय ना? मशिनवर माणूस कुठून आणू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "त्यापेक्षा दुप्पट पैसे घ्या. मुलीला काहीतरी छान घेऊन द्या."

चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "सायेब, पैसं पुढच्या सुट्टीला बी मिळत्याल. पोर शपथ एकदाच घेनार."

दारातून रंगुबाई पुढे झाल्या. "त्या दिवशी माझी हप्त्याची सुट्टी हाय. मी हुबी ऱ्हाते मशिनवर. माझी सुट्टी दुसऱ्या दिवशी धरा, मग ही माझ्या जागी ऱ्हाईल. काय गं?"

"व्हय तर!" चांगुणाबाई म्हणाल्या.

साहेबांनी दोघींकडे पाहिलं आणि मॅडमना म्हणाले, "संगणकाला जमत नसेल तर हातानं करा. मी सही करतो."

मॅडमनी मला ओढणीनं पुसलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर बोटं फिरली. चांगुणाबाईंचा पूर्ण महिना मांडला, आणि चौदा एप्रिलपाशी दोनचं बटण दाबलंच नाही. बेरीज कमी आली. ती ऐकून चांगुणाबाईंचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आपलंच काही चुकलं. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. बरोबर होतं.

तेरा मेला चांगुणाबाई सकाळीच कचेरीत आल्या. मोबाईलमधला फोटो मॅडमना दाखवत म्हणाल्या, "हातात मेनबत्ती घिऊन समद्या पोरी हुब्या. माझी मातर शपथ सोडून मलाच हुडकत हुती. मी हात वर केला, तवा कुठं नीट बोलाया लागली."

मॅडमना हसू आलं, आणि त्यांनी ओढणीच्या टोकानं हळूच डोळे पुसले.

मित्रांनो, सुट्टीच्या सकाळीही तुमच्या घरी दूध येतं, बस धावते, दवाखाना उघडा असतो. तिथे कुणीतरी आपला दिवस देऊन उभं असतं. त्यांच्या मजुरीला दोनने गुणायला मी समर्थ आहे. पण तुम्ही त्यांच्याजवळ थांबा आणि एवढं जरूर विचारा, "तुमची सुट्टी कधी? आणि त्या दिवशी कुठे जाणार?" हे विचारायचं बटण माझ्यात नाही.