पाय हलवणारा उंदीर

आमच्या प्रयोगशाळेत उंदीर चालला की मी वैतागते. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं, पण काम असंच आहे. भूल दिलेल्या उंदराचा कणा चिमट्यात धरायचा आणि यंत्राच्या बारीक दांड्याने मज्जारज्जूवर ठरलेल्या जोराचा ठोका द्यायचा. इजा सगळ्यांना सारखीच व्हायला हवी. नाहीतर औषधाने कोण सुधारलं आणि मुळात कोणाला कमी लागलं होतं, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ज्याचे मागचे पाय हलतात, तो चाचणीतून बाद.

माझा दादा ट्रकने उडवल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहे. घरी बसून घड्याळं दुरुस्त करतो. मी दारात पाय ठेवला की त्याचा ठरलेला प्रश्न येतो, "काय गं, चालला का कोणी?" या प्रश्नाची मला धास्तीच बसलीय.

काल शेपटीवर निळी खूण केलेला उंदीर पिंजऱ्यात चक्क फिरत होता. औषध तर अजून कोणालाच दिलं नव्हतं. चिमटा तपासला, तर स्क्रू ढिला. ठोका बसताना कणा खाली दबला होता आणि मार निसटता लागला होता.

संध्याकाळी दादाने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चालला एक."

त्याचा हात थांबला. "औषधाशिवाय? अजून दिलं नाही म्हणाली होतीस ना?"

इतका उजळलेला चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. एक रात्र तरी गप्प बसावं, असं फार वाटलं.

"दादा, तो बरा नाही झाला रे. त्याला नीट लागलंच नव्हतं. चिमट्याचा स्क्रू मी ढिला ठेवला होता."

त्याने समोरचं उघडं घड्याळ बाजूला सारलं.

"म्हणजे तुझ्या वेंधळेपणामुळे तो चालतोय?"

"हो."

"मग त्या दिवशी ट्रक तूच चालवायला हवा होतास," तो म्हणाला आणि हसला. मला काही हसू येईना.

जेवणं झाल्यावर त्याने आपला सगळ्यात बारीक स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. तो कधी कोणाला हातही लावू देत नाही.

"उद्या घेऊन जा. घट्ट आवळ," तो म्हणाला. "मला चुकून चाललेला नकोय."