न्हाणीचं गाऱ्हाणं

मिऱ्या गावच्या सगुणेच्या न्हाणीला चारी बाजूंनी झावळांचा आडोसा होता, वर मात्र उघडं आभाळ. आभाळाचं काय नाय, आभाळ बघत नाय. पण त्या आभाळात शेजारच्या भिकाजीकाकांचा माड घुसला होता आणि त्यावर नारळ पाडायला रघू चढायचा. तो चढला की सगुणा अंगाला साबण तसाच ठेवून, लुगडं गुंडाळून घरात पळायची नि रघूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. रघू वरून सांगायचा, वैनी, मी डोळे मिटलेत. डोळे मिटून माडावर कोण चढतं?

म्हणून न्हाणी तोडायची, तिचेच चिरे नि मोठी पाथर काढून घराच्या पलीकडच्या अंगाला भिंतीकौलांची न्हाणी बांधायची, असं तिनं नवऱ्याकडनं कबूल करून घेतलं होतं. नवरा रावजी आगबोटीवर खलाशी. गेल्या साली तो घरी असताना धोंडू गवंडी आला, त्यानं पहार उचलली, आणि भिकाजीकाका मधल्या दगडी गडग्यावरनं उडी मारून हजर. म्हणाले, पाथरीखाली जागेचा राखणदार देव हाय, हात लावू नका. धोंडूनं पहार खाली ठेवली, रावजीनं कानाला हात लावले, आणि आगबोटीची वेळ झाली तसा निघून गेला.

यंदा रावजी घरी आला तेव्हाही तेच. पहार वर, काका गडग्यावर.

सगुणेचं डोकं असं तापलं की त्यावर हंडाभर पाणी उकळलं असतं. पण तिचे डोळे तेज. काकांचे बाकीचे माड केरसुणीसारखे वाळलेले, आणि तिच्या न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथला तेवढा एक माड नारळाच्या पेंडींनी वाकलेला. राखणदार कुठं बसलाय ते तिला कळलं. ती हळूच म्हणाली,

"बरोबर बोलताव काका. मग त्यालाच विचारू. गाऱ्हाणं घालू."

काका खूश. गाऱ्हाण्यात देवाला एकेक मागणं सांगितलं की होकार भरावा तो काकांनीच. शिमग्यात ते व्हय म्हाराजा ओरडले की खाडीतले होडीवाले वल्ही थांबवायचे म्हणे. गाऱ्हाणं घालायचा मान म्हाताऱ्या धाकूआबांचा. त्यांना आणायला सगुणा स्वतः गेली, आणि दहा पावलांची वाट दोघांनी बोलत बोलत चांगली लांबवली.

आबांनी पाथरीवर नारळ ठेवला, हात जोडले नि सूर लावला.

"बा राखणदारा, तुझी लेकरं ही जुनी न्हाणी काढतायत, राग धरू नको."

"व्हय म्हाराजा."

"परसात केळीखाली तुला जागा करून देतायत, तिथं सुखानं ऱ्हा."

"व्हय म्हाराजा." काका रंगात आले होते. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा वर.

"आणि शेजारच्या माडाचं पाणी तुटतंय, तर त्याचा धनी रोज सांजचं आपल्या बावीचं पाणी उपसून आपल्या हातानं घालील."

"व्हय म्हाराजा," काका सगळ्यांच्या वर ओरडले, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

रावजी जमिनीकडे बघत होता, खांदे मात्र हलत होते. काकांनी विचारलं, "आबा, हे शेवटचं तुमाला कोणी शिकवलं?"

"म्या नुसता बोललो," आबा म्हणाले. "व्हय तू बोललास."

देवापुढचा शब्द, गिळता येत नाय. धोंडूनं पहार घातली. पाथर कुरकुरत उलटली. खालनं एक लठ्ठ बेडूक निघाला, सगळ्यांकडे तुच्छतेनं बघून केळीकडे गेला. त्याच्यामागे काकांच्या माडाची तांबडी मुळं, चटई विणावी तशी, गडग्याखालनं थेट न्हाणीपर्यंत आलेली. काका त्यांच्याकडे बघायचे टाळत राहिले. सगुणेनं मात्र अगदी वाकून बघितली.

पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीनं रावजी गेला तेव्हा नव्या न्हाणीवर कौलं चढली होती. रघू डोळे उघडे ठेवून माडावर चढू लागला. सांजचं सगुणा आत निवांत न्हायची. बाहेरचं काय दिसायचं नाय, पण कळशीचा आवाज ऐकू यायचा, आणि तेवढ्यावरनं तिला सगळं समजायचं.

"काका," ती आतनंच हाक मारायची, "नुसतं शिंपडू नका. बुंध्यात ओता."