पुस्तकांची हवा

काचेच्या पेटीत, पुस्तकाच्या उजव्या कोपऱ्याशी, रुपयाएवढी एक गोल तबकडी होती. तिच्यातला काटा थरथरत होता – की थरथर आपल्याच नजरेत आहे, सकाळपासून नुसत्या चहावर आहोत म्हणून... अपेक्षा आणखी वाकली. पुस्तक व्याकरणाचं होतं, शिळाप्रेसवर छापलेलं, पानं जळक्या भाकरीच्या रंगाची. ते तिने ओळखलं. बाबांच्या पलंगाशेजारच्या फळीवर असायचं.

"हवेतला ओलावा कळतो त्याने," शेजारी येऊन तरन्नुम म्हणाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकांचा विभाग तिच्याकडे होता, आणि हे सगळं प्रदर्शन तिनेच राबून उभं केलं होतं. "ओलावा वाढला की बुरशी धरते, कमी झाला की कागद तडकतो. आणि धूळ तर मुळीच चालत नाही. इतक्या जुन्या कागदाला श्वास घ्यायला चांगली हवा लागते, मॅडम."

श्वास. ती पोरगी किती सहज म्हणाली. तिला कसं माहीत असणार की याच कागदांच्या धुळीने सदाशिव पेठेतल्या तीन खोल्यांत एका बाईला श्वास घेता येत नव्हता. रात्री ती उठून खिडकीचे गज धरून उभी राहायची, तोंड बाहेर काढल्यासारखं करून, आणि आत पलंगावर बाबा दिवा लावून वाचत असायचे. मधूनच मान वर करून विचारायचे, "पाणी देऊ का?" पाणी! हवा हवी होती तिला.

"छान मांडलंय," अपेक्षा म्हणाली. छान हा शब्द तिच्या जिभेवर कडू झाला.

सभागृहात बाबा पहिल्या रांगेत बसले होते, मानेभोवती मफलर, मांडीवर शाल. समोर मंचावर त्यांचा माणसाच्या दुप्पट मोठा फोटो आणि खाली अक्षरं – ग्रंथतपस्वी वैजनाथ टाकळकर संग्रह. तपस्वी. टेलिफोन ऑफिसातली नोकरी सांभाळून या माणसाने जुनी पुस्तकं जमवली, रद्दीच्या दुकानांतून, मोडलेल्या संस्थानांतून, कुणाकुणाच्या माळ्यावरून. आणि प्रत्येक वक्ता उठून आता तेच सांगत होता, थोडं थोडं वाढवून. जेवणाची शुद्ध नसायची म्हणे. जेवणाची शुद्ध नसायला जेवण कुणीतरी ठेवलेलं असावं लागतं, अपेक्षाच्या मनात आलं, आणि ती हातातलं निमंत्रण इतकं घट्ट दुमडत गेली की त्याचा कडक चौकोन तिच्या तळव्यात रुतला.

ती नववीत होती तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं – घरात एक तर ही पुस्तकं राहतील, नाही तर या राहतील. त्या संध्याकाळी आई भाजी निवडत होती, वारज्याहून रामदासमामा आला होता, आणि बाबा शांतपणे, अगदी सुट्टीचं वेळापत्रक ठरवावं तसे म्हणाले होते, "माणसाची सोय कुठेही होते. पुस्तकांची होत नाही." आईने मान वर केली नाही. निवडलेली मेथी तिने नीट झाकून ठेवली आणि ट्रंक काढली. मामा काहीतरी बोलायला गेला तर त्यालाच म्हणाली, "राहू दे रे. हिची शाळा इथे आहे, ही इथेच राहील. मी येत जाईन." पण जिना चढून तीन मजले वर येणं तिला पुढे जमलंच नाही. ती वारज्याला मामाकडे राहिली ती राहिलीच. रविवारी बाबा आणि अपेक्षा बसने जायचे. सोमवारी शाळेतून आल्यावर कुलूप उघडलं की आतून तो वास यायचा, जुन्या कागदाचा, गोडसर, कुबट... आणि त्या वासात एकटीने दूध तापवायचं.

आणि आई गेली. आणि ती गेल्यावर – वर्षसुद्धा झालं नव्हतं – बाबांनी पुस्तकं देऊन टाकली. सगळी. टेम्पो दारात उभे राहिले, फळ्या मोकळ्या झाल्या, भिंतींचा मूळचा निळा रंग दिसला. आता त्या घरात हवाच हवा होती. हे तिला कधीच गिळता आलं नाही. जायच्या आधी का नाही? एक वर्ष आधी, एक महिना आधी? विचारायचं विचारायचं म्हणत इतकी वर्षं गेली; ग्रंथालयाने यादी केली, फाटकी पानं सांधली, काचेच्या पेट्या बनवल्या, आणि आता हा सोहळा.

"कुटुंबीयांच्या वतीने कन्या अपेक्षा यांनी दोन शब्द बोलावेत," माईकवरून आवाज आला.

तिने रात्री दोन शब्द तयार केले होते, आभाराचे, सरळ. माईकसमोर उभी राहिली तर समोर बाबा कानातलं यंत्र नीट करत होते, मुलगी बोलणार म्हणून.

"माझ्या आईला दमा होता," ती म्हणाली.

सभागृह थोडं हललं. कुणीतरी खोकलं.

"या पुस्तकांच्या धुळीचा. डॉक्टर म्हणाले, पुस्तकं हलवा. वडिलांनी आईला हलवलं. ती शेवटपर्यंत भावाच्या घरी राहिली, यमुनाबाई टाकळकर तिचं नाव. ती गेल्यावर ही पुस्तकं इथे आली. आधी येऊ शकली असती." आवाज कापत नव्हता, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "आत त्या पेट्यांमध्ये हवा मोजायची यंत्रं ठेवली आहेत. ती पाहा. मला एवढंच सांगायचं होतं."

ती खाली आली. तिला वाटलं की झालं, पडलं एकदाचं, आता कुणीतरी मान खाली घालेल. तेवढ्यात अध्यक्ष म्हणून बोलावलेले निवृत्त प्राचार्य उठले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, खरंच पुसले, आणि म्हणाले, "अशा अनाम माउलींच्या त्यागावरच ज्ञानाची मंदिरं उभी राहतात. यमुनाबाईंना आपण उभं राहून मानवंदना देऊ या."

आणि खुर्च्या सरकल्या. माणसं उभी राहिली. टाळ्या वाजल्या, मोठ्या, मनापासून. मागच्या रांगेतली एक बाई तर पदर डोळ्यांना लावत होती. अपेक्षा बसूनच राहिली. टाळ्या तिच्या अंगावरून वाहत गेल्या आणि तिला वाटलं, यांनी आईला पुन्हा एकदा हलवलं. पहिल्यांदा वारज्याला, आणि आता थेट मंदिरात. त्याग म्हणे. त्याग करायला आधी कुणी विचारावं लागतं...

चहाच्या वेळी तरन्नुम तिला शोधत आली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मला हे काहीच माहीत नव्हतं. मी फलक बदलते. वैजनाथ आणि यमुनाबाई टाकळकर संग्रह, असं करते. उद्याच करता येईल."

"नको."

"पण त्यांचंही योगदान..."

"तिने काही दिलेलं नाही," अपेक्षा म्हणाली. "तिच्याकडून घेतलंय. दिलं आणि घेतलं यात फरक आहे की नाही, तुम्हीच सांगा. तिचं नाव त्या फलकावर गेलं की तो फरक पुसला जाईल."

तरन्नुमने हातातला चहाचा कप तिच्यापुढे धरला, आणि तिच्यावर राग काढल्याचाही अपेक्षाला राग आला. ही पोरगी चांगली होती. इथे सगळेच चांगले होते, हीच तर पंचाईत होती.

बाबा व्याकरणाच्या पुस्तकासमोरच्या खुर्चीत बसले होते. शाल घसरली होती. आता आजूबाजूला कुणी नव्हतं. मघाच्या बोलण्यानंतर माणसं त्यांना थोडं लांबून वळसा घालत होती, आदराने की संकोचाने, कोण जाणे.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली.

"ऐकलं. व्यवस्थित बोललीस. एक चूक होती. हवा मोजत नाहीत, ओलावा मोजतात."

"बाबा, आई होती तेव्हा का नाही दिलीत पुस्तकं?"

त्यांनी घसरलेली शाल मांडीवर ओढून घेतली. "तेव्हा वाचत होतो."

"आणि नंतर?"

"नंतर वाचून सांगायचं कुणाला?"

"म्हणजे?"

"रविवारी तू मामाच्या मुलांबरोबर कालव्यावर जायचीस. मी तिच्यापाशी बसायचो. आठवड्यात जे वाचलं ते सांगायचो. जुने शब्द, कुठून आले, कसे झिजले. तिला हसू यायचं. हसली की खोकला यायचा, मग मला गप्प बसवायची, आणि थोड्या वेळाने म्हणायची, हं, पुढे. ती गेल्यावर एक पुस्तक उघडवलं नाही. ठेवून काय करायचं होतं?"

अपेक्षा उभी होती तशीच राहिली. खोटं बोलत असतील. पण खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्ती या माणसाला कधी नव्हती. आणि ते 'हं, पुढे' – ते आईचंच होतं, हनुवटी किंचित उचलून म्हटलेलं, अपेक्षा काही सांगायला लागली की तिलाही तसंच म्हणायची. म्हणजे ती दोघं बसायची. म्हणजे मामाच्या घरात, अपेक्षा कालव्यावर पाण्यात दगड मारत असताना, काहीतरी चालायचं ज्याचा तिला पत्ता नव्हता, आणि आईने ते कधी सांगितलं नाही. तक्रारही केली नाही, मेथी झाकली तसं तेही झाकून ठेवलं... मग इतकी वर्षं आपण कुणाच्या वतीने भांडत होतो? आईने कुठे सांगितलं होतं, माझ्यासाठी भांड म्हणून?

तिला वाटलं, आता राग ओसरेल. ओसरायला हवा होता. तिने वाट पाहिली. आत काहीतरी सरकलं खरं, जड कपाट ओढावं तसं, पण त्याच्यामागे जे उघडं पडलं ते मोकळं नव्हतं. तिथे नववीतली एक मुलगी कुलूप उघडून उभी होती, दप्तर अजून पाठीवर, घरात कुणी नाही. तिला कुणी हसून काही सांगत नव्हतं. तिच्यासाठी आई हसली नव्हती, वडिलांनी पुस्तकं देऊन टाकली नव्हती, आणि मघाशी अख्खं सभागृह उभं राहिलं तेही तिच्यासाठी नव्हतं.

"जाऊ या का?" बाबा म्हणाले. "गुडघे आखडलेत. हात दे जरा."

त्यांनी हात पुढे केला. अपेक्षाने त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं की हा राग आईचा नाही, कधीच नव्हता. तो फक्त तिचा स्वतःचा आहे, आणि तो कुणाला समजावून सांगायची गरज नाही. हात ती देणार होती. पण लगेच नाही. आधी ती आपल्या रागाशेजारी थोडा वेळ उभी राहिली, ओळख करून घेतल्यासारखी, आणि बाबांचा हात हवेत तसाच राहिला.